अकरा सोनेरी पट्ट्या

सुतारमळ्यात कुणाच्याही घरी फॉर्म आला की तो आधी माझ्याकडे येतो. रेशनचा, गॅसचा, पोरांच्या दाखल्याचा. मी बी.ए. आहे, तोंडानं फटकळ आहे आणि चष्म्याशिवाय बारीक अक्षर वाचते, या तिन्ही गोष्टी वस्तीला ठाऊक आहेत. "दिपालीताईला दाखव, ती सांगेल कुठं सही करायची," असं बायका एकमेकींना सांगतात. न वाचता सही करणारी कुणी सापडली तर मी तिला चारचौघांत झापते. शेजारच्या करिष्माला एकदा गॅसच्या कागदावरून असं झापलं होतं, की ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे झालं ते माझ्याच हातून झालं, आणि ते मला अजूनही खरं वाटत नाही.

आमची वस्ती मेट्रो स्टेशनच्या मागं. मधे बंद पडलेल्या फोर्जिंग कंपनीची मोठी जागा. ती कंपनी चालू होती तेव्हा कामगार तिच्या कडेच्या वाटेनं ये-जा करायचे. कंपनी बंद झाली, मेट्रो आली, वाट तेवढी राहिली. घरातून निघालं की सहा मिनिटांत स्टेशनचा जिना. ही वाट सोडली तर हायवेच्या कडेनं वळसा, चांगला अडीच किलोमीटर, आणि चाकणला जाणारे कंटेनर अगदी अंगाला घासून जातात. त्या रस्त्यानं धडधाकट माणूसही जीव मुठीत धरून चालतो.

भिमाबाई तर आठवड्यातून तीनदा स्टेशनला जातात. त्यांना डायलिसिस लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठला निघायचं, मेट्रोनं हॉस्पिटलला जायचं आणि दुपारी पाय ओढत परत यायचं. त्यांचे मालक त्याच फोर्जिंग कंपनीत हातोड्यावर होते. ते जाऊन पंधरा वर्षं झाली. मुलगा आणि सून दोघंही शिफ्टला, त्यामुळे भिमाबाई एकट्याच जातात, येताना कंपनीच्या कुंपणाच्या भिंतीला हात लावत लावत. "ही वाट हाय म्हून मी हाय," असं त्या म्हणायच्या. मी हसून सोडून द्यायचे.

ती जागा दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं गोदामासाठी घेतली. चाकणहून मोठ्या ट्रकनं माल येणार आणि इथून छोट्या गाड्यांनी घरोघर जाणार. स्टेशन शेजारीच, म्हणजे कामाला येणारी पोरंही मेट्रोनं येतील, हवा खराब होणार नाही, असं सगळं त्यांच्या बोर्डावर रंगवून लिहिलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत, 'आम्ही जबाबदार शेजारी'. या शेजारधर्माचं त्यांचं एक वेगळं खातंच होतं. त्याचे साहेब रविराज सर. गोरेगोमटे, तिशीतले, मला एकदाही 'मॅडम'शिवाय हाक न मारणारे. त्यांनी मला वस्तीची समन्वयक म्हणून कंत्राटावर घेतलं. मी आरोग्य शिबिरं भरवली, बायकांचा अक्षरओळखीचा वर्ग चालवला. भिमाबाई सही करायला शिकल्या त्या माझ्याच वर्गात. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. पहिल्यांदा पूर्ण नाव लिहून झालं तेव्हा त्यांनी ती पाटी दोन दिवस पुसली नव्हती.

जानेवारीत सर म्हणाले, "संक्रांतीचं हळदीकुंकू घेऊ या, मॅडम. जास्तीत जास्त महिला आल्या पाहिजेत."

मी तयारीतच होते. म्हटलं, "सर, मी करीन, पण एका अटीवर. विधवा, सोडलेल्या, बौद्ध, मुसलमान, सगळ्या बायका येणार. नुसत्या सवाष्णी गोळा करायच्या असतील तर दुसरी कुणी बघा."

मला वाटलं होतं वाद होईल. चार मुद्देही पाठ करून गेले होते. सर पटकन म्हणाले, "अवश्य. सगळ्याच. फार सुंदर विचार आहे तुमचा." त्या कौतुकानं मी दिवसभर फुगले होते. वाद झाला तो वस्तीतल्या म्हाताऱ्यांशी, आणि तो मी जिंकला. मी घरोघर गेले. भिमाबाईंकडे तीनदा गेले.

"आमच्यात हे करत न्हाईत, दिपाली," त्या म्हणाल्या. "आन् तुमच्यात माझ्यासारखीला बोलवत न्हाईत. मग मी कशाला येऊ?"

"म्हणूनच यायचं, मावशी. पहिला मान तुमचा."

"मला नको मान."

"मग माझ्यासाठी या."

त्यांना यायचं नव्हतं हे मला दिसत होतं. पण माझ्या डोक्यात एक चित्र तयार झालं होतं आणि त्यात मला त्या पहिल्या हव्या होत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ऑफिसातून हजेरीचे छापील कागद आले. अकरा कागद, प्रत्येकावर वीस ओळी. वर ठळक अक्षरांत 'जबाबदार शेजारी उपक्रम : उपस्थिती व संमती' आणि खाली बारीक अक्षरांत चार ओळी. मी वरची ओळ वाचली. संमती म्हणजे फोटोची, असं मनाशी म्हटलं. प्रत्येक शिबिराला तसा मजकूर असायचा, 'माझे छायाचित्र वापरण्यास हरकत नाही' वगैरे. खालच्या चार ओळी मी वाचल्या नाहीत. मी, दिपाली, जी दुसऱ्यांना झापते, तिनं त्या वाचल्या नाहीत.

नुसत्या वाचल्या नाहीत एवढंच असतं तर निदान माझ्या जिवाची थोडी समजूत घालता आली असती. मला तो मजकूर सणाच्या दिवशी रुक्ष दिसला. आमच्याकडे नवी वही असो नाहीतर नवी गाडी, आधी श्री काढल्याशिवाय सुरुवात होत नाही. म्हणून मी सोनेरी कागद आणला, पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर कुंकवानं श्री काढला, स्केचपेननं 'हळदीकुंकू' लिहिलं, आणि डिंकानं त्या अकरा कागदांच्या माथ्यावर चिकटवल्या. छापलेलं सगळं झाकून गेलं. टेबलावर कागद मांडले तेव्हा कसे सुरेख दिसत होते.

रविराज सर आले. त्यांनी कागद पाहिले, क्षणभर थांबले. "वा," म्हणाले, आणि मोबाइलवर फोटो काढला.

भिमाबाई निळ्या काठाचं पातळ नेसून आल्या. कुंकवाला त्यांनी हात आडवा केला, तिळगूळ घेतला, आणि मी दाखवली त्या पहिल्या ओळीत सही केली. एकेक अक्षर जपून. मागं रांग खोळंबली तरी त्यांनी घाई केली नाही. वाण म्हणून स्टीलचा डबा होता, झाकणावर 'जबाबदार शेजारी' कोरलेला. दोनशे चौदा बायका आल्या. पुढच्या पंधरा दिवसांत मी ते किमान पन्नास जणांना सांगितलं असेल.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी आठला करिष्माचा फोन आला. "ताई, लवकर या. भिमामावशी वाटेवर उभ्या आहेत आणि वाटच नाही."

मी धावत गेले. सिमेंटच्या तयार फळ्यांची भिंत, दोन पुरुष उंच, वाटेच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत. आदल्या संध्याकाळी तिथं काहीही नव्हतं. भिमाबाई हॉस्पिटलची पिशवी छातीशी धरून भिंतीकडे बघत होत्या. पलीकडून मेट्रोची घोषणा ऐकू येत होती. दोन हातांवर स्टेशन, आणि जायला जागा नाही. मी भिंतीला हात लावून बघितला, ती खरीच आहे का म्हणून.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सिक्युरिटीच्या माणसाला मी नाही नाही ते बोलले. तो बिचारा परभणीकडचा, त्यानं नुसतं बोट दाखवलं. भिंतीवर पाटी होती. 'स्थानिक रहिवाशांच्या लेखी संमतीने पायवाट कायमस्वरूपी बंद.'

"कुणाची संमती?" मी म्हटलं. "कोण भेटलं होतं ह्यांना? एक सही दाखवा म्हणावं, एक."

जमलेल्या बायका माझ्यामागं उभ्या राहिल्या. "ताई, तुम्ही पुढं व्हा," करिष्मा म्हणाली. मी भिमाबाईंना स्कूटीवर बसवून हायवेनं स्टेशनला सोडलं. वाटेत एक कंटेनर इतक्या जवळून गेला की त्यांनी माझा खांदा घट्ट पकडला. बोटं सुजलेली होती. त्यांना सोडून मी तशीच ऑफिसात गेले.

रविराज सरांनी मला बसवलं, पाणी दिलं. माझं ओरडणं शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटातून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

वर सोनेरी पट्टी होती. माझा श्री होता. पट्टी एका कडेनं उचकटलेली होती. सरांनी ती नखानं आणखी वर केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी वाचलं. बारीक अक्षर मला चष्म्याशिवाय वाचता येतं.

'आम्ही खाली सह्या करणार, सुतारमळा येथील रहिवासी, लिहून देतो की भूखंडाच्या पश्चिमेची पायवाट आमच्या नियमित वापरात नाही. ती कायमस्वरूपी बंद करण्यास आमची हरकत नाही. कंपनीचे सामाजिक उपक्रम आम्हास मान्य आहेत.'

त्याखाली पहिल्या ओळीत, एकेक अक्षर जपून काढलेलं, भिमाबाईंचं नाव.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं कळत होती, अर्थ आत शिरत नव्हता.

"हे तुम्ही नंतर छापलंय," मी म्हटलं.

"मॅडम, तुमचीच पट्टी वर आहे ना? मग नंतर कसं छापणार?" सरांचा आवाज जराही चढला नाही. "आम्ही मराठीत छापलं, सकाळीच पाठवलं. मला वाटलं, तुम्ही बायकांना वाचून दाखवलं असेल. वस्तीतले सगळे फॉर्म तुमच्याकडंच येतात ना?"

"तुम्ही बघितलं होतं. फोटो काढला होता तुम्ही."

"सजावट छान होती."

मग त्यांनी उरलेला हिशेब सांगितला. वाट बंद करायच्या पालिकेच्या परवानगीला निदान दोनशे रहिवाशांच्या सह्या हव्या होत्या, आणि त्या या एकाच कार्यक्रमात मिळवायच्या होत्या. वस्तीत सवाष्णी किती, याचा अंदाज त्यांनी आधीच घेतला होता. दीडशेसुद्धा भरत नव्हत्या. "तुमच्या त्या विचारामुळं आकडा गाठता आला," ते म्हणाले. आणि हे ते टोमणा म्हणून बोलत नव्हते. खरंच आभार मानत होते.

उठताना त्यांनी एवढंच सुचवलं. मी गप्प राहिले तर माझं कंत्राट वाढेल. पट्टीचं बाहेर बोलले, तर मजकूर झाकणारी मी, कंपनी नाही. "आमचा कागद स्वच्छ आहे, मॅडम."

चार वाजता नवनाथ, माझे मिस्टर, चाकणहून पहिल्या शिफ्टच्या बसनं आले. चहा न घेता त्यांनी सगळं ऐकलं आणि आधी दार लोटून घेतलं.

"पट्टी तू लावलीस हे वस्तीत कुणाच्या ध्यानात आहे?"

"नसेल. सजावट कोण लक्षात ठेवतं?"

"मग विषय संपला. कंपनीनं खोट्या सह्या केल्या म्हणायचं. बाहेर सगळे तेच म्हणतायत. उद्या मोर्चा निघतोय, तू पुढं आहेस. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?"

ते चुकीचं बोलत नव्हते. बाहेर खरंच तेच चाललं होतं. करिष्मा पोरांकडून फलक रंगवून घेत होती. पण सह्या खोट्या नव्हत्या, आणि ते फाइल उघडताच सिद्ध झालं असतं. सह्या रद्द व्हायला एकच गोष्ट पुरेशी होती. सही घेताना मजकूर झाकलेला होता, हे कुणीतरी लिहून द्यायचं. आणि ते लिहून देणारं जगात एकच माणूस होतं. मी त्या दिवशी जेवले नाही. माझी मला इतकी चीड आली होती की आरशासमोर जायची सोय नव्हती.

संध्याकाळी भिमाबाईंकडे गेले. त्या पडून होत्या. येताना हायवेनं चालतच आल्या होत्या, रिक्षावाला एवढ्याशा अंतराला तयार झाला नव्हता म्हणून. पाय उशीवर ठेवलेले. मी पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. पट्टी, श्री, डिंक, सगळं.

त्यांनी छताकडे बघत ऐकलं. मग विचारलं, "तू वाचलं हुतंस?"

"वरची ओळ, मावशी."

"आन् मला म्हणालीस, इथं कर सही."

"हो."

"मी म्हटलं हुतं, मला नको मान."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, पण पाठीवरून हात फिरवला नाही. थोड्या वेळानं भिंतीला धरून उठल्या, फळीवरून तो स्टीलचा डबा काढला. त्यात त्यांचे हॉस्पिटलचे कागद होते. ते त्यांनी एकेक करून पिशवीत ठेवले, डबा पदरानं आतून पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"तुमच्यात दिलेलं वाण परत करत न्हाईत, ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "आमच्यात तसलं काई न्हाई."

मी डबा हातात घेऊन बसले.

"उद्या सगळ्या बायका भितीपाशी जमणार हायेत," त्या पुढं म्हणाल्या. "तू ये. त्यो कागद सगळा वाचून दाखीव. पट्टी कुणी लावली, तेबी सांग. मग पालिकेत लिवून दे."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी भिंतीपाशी उभी राहिले. आदल्या दिवशी सरांच्या टेबलावर मोबाइलवर फोटो काढून आणलेला मजकूर मोठ्यानं वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. जो जानेवारीत वाचायला हवा होता. बायका घोषणा द्यायच्या तयारीत होत्या, त्या थांबल्या. मग म्हटलं, "हे कागदावर छापलेलं होतं. त्यावर सोनेरी पट्टी मी चिकटवली. मी न वाचता चिकटवली."

करिष्मानं हातातला फलक खाली ठेवला. माझ्याकडे अशी बघत राहिली जशी मी तिच्या ओळखीची नाही. गॅसच्या कागदावरून मी तिला काय काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवलं. मग ती वळली आणि घराकडे गेली. एकेक करून बाकीच्याही गेल्या. मोर्चा निघालाच नाही.

मी तशीच पालिकेत गेले आणि लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी दोनदा विचारलं, "बाई, नीट विचार केलाय ना? हे तुमच्यावरच येतंय." मी सही केली. त्यांनी सुनावणीची तारीख दिली, दीड महिन्यानंतरची. तोवर भिंत जागेवरच. बाहेर पडते न पडते तोच कंपनीचं पत्र मोबाइलवर आलं. कंत्राटी कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक चुकीबद्दल कंपनीस खेद आहे, जबाबदार शेजारी या नात्यानं सदर व्यक्तीस कामावरून दूर करण्यात आले आहे. खाली रविराज सरांची सही होती.

घरी आले तर दाराशी डबा होता. माझ्या घरातला नव्हे. झाकणाला गुलाबी दोरा बांधलेला, म्हणजे करिष्माचा. तिच्यात तर वाण परत करायची रीत नाही. शेजारी आणखी दोन होते. मी आत जाऊन बसले. बाहेर अधूनमधून स्टील फरशीवर टेकल्याचा आवाज होत होता. कुणी दार वाजवलं नाही, कुणी हाक मारली नाही. सवाष्णींचे, विधवांचे, सगळ्यांचेच डबे येत होते. जानेवारीत मी ज्यांना एका रांगेत बसवलं होतं, त्या आता आपणहून एका रांगेत होत्या.

दिवेलागणीला दार उघडलं. पायरी, ओटा, जिना, सगळीकडे डबे. प्रत्येक झाकणावर कोरलेलं, जबाबदार शेजारी. नवनाथ ते ओलांडून आत आले आणि कोपऱ्यात बसले.

गुरुवारी पहाटे उठून मी भिमाबाईंसाठी स्कूटी काढली. त्या त्याआधीच हायवेनं चालत निघाल्या होत्या. मी भिंतीला वळसा घालून गोदामाच्या मोठ्या गेटपर्यंत गेले. बोर्ड झगमगत होता, ट्रक आत जात होते, सिक्युरिटीवाला चहा पीत होता. मी गेटच्या दोन्ही बाजूंना नीट बघितलं. तिथं कुणी एकही डबा ठेवला नव्हता.